अप्पा बोटीवर शिकले तो धंदा

माझे वडील दाभोळ खाडीकाठचे. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश मालवाहू बोटींवर खलाशी होते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मुंबईत मस्जिद बंदरच्या एका गल्लीत बोटींना सामान पुरवणारं दुकान काढलं. दोर, साखळ्या, रंग, ताडपत्र्या, कंदील, जवसाचं तेल, तांदूळ, कांदे, बटाटे, कप्तानाच्या यादीत येईल ते सगळं. हा धंदा करणाऱ्याला शिपचँडलर म्हणतात. कॉलेज संपल्यावर मी त्या दुकानाचे हिशेब बघायला बसले आणि अप्पा थकल्यावर दुकानच बघू लागले.

त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा माणसं हिंदुस्थानातली होती. डेकवर रत्नागिरी-काठेवाडकडचे, बटलर आणि स्वयंपाकी गोव्याचे, इंजिनात भट्टीपुढे पंजाब-सरहद्दीकडचे, कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हेट-चितगावचे. त्यातले सहा हजारांहून जास्त जण परत आले नाहीत. जे आले त्यांच्यातले बरेच पुन्हा शेती-मासेमारीला लागले, काहींनी मुंबईत धंदे काढले, सिल्हेटकडच्या काहींनी लंडनमध्ये खानावळी काढल्या. या माणसांना व्यवहाराची जी समज होती ती कोणत्या शाळेत मिळण्यासारखी नव्हती, आणि ती कोणी लिहूनही ठेवली नाही. अप्पांपुरती ती मी लिहिते आहे.

१. जुना ब्रश परत आला की नवा द्यायचा

अप्पांना बोटीवर लावलं त्यांच्या मामांनी. मामा सुकाणी होते. युद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. पहिलं काम गंज खरवडायचं आणि त्यावर शेंदराचा हात मारायचं. पण अप्पा व्हर्नाक्युलर फायनल झालेले, लिहिता-वाचता येणारे, म्हणून लवकरच त्यांना कसाबाच्या हाताखाली घेतलं. बोटीवर कसाब म्हणजे कोठीवाला. नाळेकडच्या अंगाला त्याची अंधारी कोठी असायची. रंगाचे डबे, दोरांची भेंडोळी, शॅकल, कंदिलांच्या काचा, चिंध्यांची पोती, सगळं त्याच्या ताब्यात. बोट डोलत असताना यातलं काहीही जागचं हलता कामा नये आणि मध्यरात्री मागितली तर कोणतीही वस्तू दिव्याशिवाय हाताला लागली पाहिजे.

तिथला नियम असा, की खलाशाला नवा ब्रश हवा असेल तर झिजलेला ब्रश आणून द्यायचा. नवा झाडू हवा तर जुन्याचा बुडखा आणायचा. हा नियम चोरी थांबवण्यासाठी असतो असं सगळे समजतात. अप्पांना त्यांच्या कसाबाने वेगळं कारण सांगितलं होतं: परत आलेला ब्रश बघितला की तो कसा झिजला ते कळतं. एका बाजूने झिजला असेल तर खलाशी नवखा आहे. केस मुळापासून गळले असतील तर माल वाईट आहे आणि पुढच्या बंदरात त्या व्यापाऱ्याकडून घ्यायचा नाही.

दुकानात आम्ही हेच केलं. आम्ही दिलेल्या मालाचं पुढे काय झालं ते कप्तानाला, चीफ ऑफिसरला विचारायचं, आणि जमलं तर वापरून टाकलेला नग परत आणायचा. मागच्या खोलीत अशा निकामी वस्तूंचं एक फडताळ होतं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर बोटीचं नाव, दिल्याची तारीख, निकामी झाल्याची तारीख. नवा माल घ्यायला विक्रेता आला की अप्पा त्याला आधी त्या फडताळापाशी न्यायचे. भाव त्यानंतर ठरायचा.

२. दोर मधून उघडून बघा

दोर विकणारा नेहमी टोक दाखवतो. टोक चांगलंच असतं. अप्पा भेंडोळं सोडायला लावायचे, मधला कुठलाही हातभर भाग धरायचे आणि पिळाच्या उलट दिशेने दोन्ही मुठी फिरवायचे. तीन पेड सुटे होऊन मध्ये पोकळी दिसते. तिथे बोट घालून बघायचं. राखाडी भुकटी हाताला लागली तर दोर आतून कुजलाय, वरून कितीही पिवळाधमक दिसो. मग नाक लावायचं. चांगल्या मनिला दोराला सुक्या गवतासारखा आणि थोडा तेलाचा वास येतो. आंबूस वास आला तर तो ओला असताना गुंडाळून ठेवलाय. शेवटी एक तंतू ओढून काढायचा आणि अंगठ्याशी ताणून तोडायचा. तुटताना त्याने प्रतिकार केला पाहिजे.

हे कसब युद्धामुळे आलं. मनिला दोराचा तंतू फिलिपाइन्समधून येतो, आणि १९४२ मध्ये जपानने फिलिपाइन्स घेतल्यावर तो जवळजवळ बंद झाला. आफ्रिकेतल्या सिसलवर भागवावं लागलं. जुने दोर उसवून, तेल लावून, पुन्हा वळून नवे म्हणून विकणारे लोक प्रत्येक बंदरात होते. ज्या दोराला माणसांनी भरलेली होडी लोंबकळणार, तो दोर असा निघाला तर काय होतं हे अप्पांनी पाहिलं होतं. त्याबद्दल ते जास्त बोलत नसत.

पुढे नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीन आलं. ते कुजत नाही, पण उन्हाने मरतं. त्याचीही परीक्षा अप्पांनी साठी उलटल्यावर नव्याने शिकून घेतली.

३. घरी जाणारे पैसे अडता कामा नयेत

१९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर, फ्रीटाउनच्या वाटेवर अप्पांची बोट पाणबुडीने बुडवली. गावी आजीला तार आली नाही. दर महिन्याला येणारी मनिऑर्डर आली नाही. पुढच्या महिन्यातही आली नाही, तेव्हा ती काय समजायचं ते समजली. अप्पा जिवंत आहेत ही बातमी त्यांच्या गाववाल्या खलाशाने आणली. कंपनीने थकलेले पैसे दिले, पण फार उशिरा. मधल्या काळात आजीने दोन गुंठे जमीन गहाण टाकली होती.

हिंदी खलाशांना तेव्हा गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथाई पगार मिळायचा. बोट तीच, समुद्र तोच, टॉर्पेडोही तोच. युद्ध सुरू होताच, १९३९ च्या शरदात, इंग्लंडच्या आणि इतर बंदरांत हिंदी खलाशांनी बोटी चालवायला नकार दिला. शेकडो लोकांना तुरुंगात टाकलं. तरी ते हटले नाहीत आणि पगार वाढवून घेतले, युद्धभत्ता मिळवला. शाळेच्या इतिहासात मी हा संप कधी वाचला नाही. तो शिकवला गेला पाहिजे. घरापासून हजारो मैलांवर, परक्या देशाच्या पोलिसांपुढे, अनेकांना इंग्रजी येत नसताना केलेला संप आहे तो.

आमच्या दुकानात पगाराची तारीख कधी चुकली नाही. नोकर आजारी पडला, गावी अडकला, तरी त्याच्या घरी पैसे त्याच तारखेला पोचायचे. धंद्यात रोकड कमी असेल तेव्हा मालाच्या व्यापाऱ्याला थांबवायचं, तो थांबू शकतो. ज्या घरात महिन्याला एकदा पैसे येतात त्या घराला थांबवायचं नाही.

४. सगळ्यात उशिरा येणारी वस्तू सगळ्यात आधी मागवा

फ्रीटाउनहून लिव्हरपूलला निघणारे बोटींचे ताफे सगळ्यात मंद बोटीच्या वेगाने चालायचे. एखादीचा कोळसा वाईट असला तर ती धूर ओकायची, मागे पडायची, आणि मागे पडलेली बोट पाणबुडीला आयती सापडायची. म्हणून ताफा निघायच्या आधी कोणती बोट किती चालेल हे बघून सगळा बेत ठरायचा.

बोटीला सामान द्यायचं तर हाच हिशेब. तांदूळ तासाभरात मिळतो. भाजी भायखळ्याच्या बाजारातून पहाटे आणावी लागते. गोदीच्या वखारीत ठेवलेल्या, जकात न भरलेल्या मालाला कस्टमची परवानगी लागते आणि ती साहेबाच्या सवडीवर असते. यादी हातात आली की अप्पा ती वरून खाली वाचत नसत. कोणत्या वस्तूला सर्वांत जास्त वेळ लागेल त्यावर लाल पेन्सिलीने खूण करायचे आणि माणूस तिकडे धावायचा. बाकीचं मग निवांत बांधलं जायचं. भरतीच्या वेळेला बोट सुटते. ती कांद्यासाठी थांबत नाही.

५. वाटणाऱ्याने शेवटी प्यावं

बोट बुडाल्यावर होडीत किती दिवस काढले हे अप्पांनी आम्हाला कधी एकच उत्तर दिलं नाही, आणि मी ते खोदून विचारलं नाही. पाण्याबद्दल मात्र ते नेमकं सांगायचे. होडीत पाण्याचं लाकडी पिंप असतं. त्याला वर लहानसं तोंड, आणि त्या तोंडातून आत जाईल असं दोरीला बांधलेलं एक निमुळतं पत्र्याचं माप. पाणी ओतायला वाव नाही, सांडायला वाव नाही. एक माप म्हणजे एकाचा वाटा. सकाळी एक, संध्याकाळी एक. सोबत कडक बिस्किटं आणि माल्टच्या दुधाच्या गोळ्या, पण घसा सुकल्यावर बिस्किट कुणाला गिळवत नसे.

होडीचा ताबा सेकंड मेटकडे होता. त्याने ते माप बोटीच्या तांडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या दुय्यम मुकादमाच्या, हातात दिलं. तांडेल संगमेश्वर बाजूचे, वयाने सगळ्यांत मोठे. ते सगळ्यांना द्यायचे, गोऱ्यांना, काळ्यांना, तापाने बरळणाऱ्यालाही, आणि स्वतःचं माप सगळ्यांच्या देखत शेवटी घ्यायचे. शेवटच्या मापाबरोबर पिंपाच्या तळचा गाळ यायचा. तोच त्यांच्या वाट्याला. त्यामुळे पाण्यावरून होडीत एकदाही हात उठला नाही, असं अप्पा सांगायचे.

अशीच एक गोष्ट १९४० ची आहे आणि ती नोंदलेली आहे. ‘सिटी ऑफ बनारस’ नावाची बोट इंग्लंडमधली मुलं बाँबहल्ल्यांपासून वाचवायला कॅनडाला घेऊन चालली होती. १७ सप्टेंबरच्या रात्री अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडवली. सरकारी योजनेतली ९० मुलं होती, त्यांतली ७७ गेली. तिच्या १२ नंबरच्या होडीत ४६ माणसं आठ दिवस तग धरून राहिली. त्यांत सहा मुलगे होते आणि बहुतेक माणसं हिंदी खलाशी होती, अंगावर सुती कपडे, अटलांटिकच्या थंडीत. तिथेही पाणी असंच मोजून वाटलं गेलं. या बोटीवर इंग्रजीत बरंच लिहिलं गेलंय. मुलांची नावं, त्यांना सांभाळणाऱ्या बाईंचं नाव सापडतं. खलाशांच्या नावांशी वाचणारा क्वचितच पोचतो.

जून १९६७ ते जून १९७५ अशी आठ वर्षं सुएझ कालवा बंद होता. युरोपच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायच्या आणि आमच्याकडे येणाऱ्या बोटी कमी झाल्या. अप्पांनी आणि त्यांच्या भागीदारांनी (त्यांच्याविषयी पुढे सांगते) त्या काळात आपली उचल आधी निम्म्यावर आणली आणि नंतर काही महिने बंदच ठेवली. माणूस एकही कमी केला नाही. आईला घर चालवायला जड गेलं, हेही लिहिलं पाहिजे. तांडेलाचा गाळ आमच्या घरात आईच्या वाट्याला आला. अप्पांना ते कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने तक्रार केली नाही म्हणून तिचा वाटा लहान ठरत नाही.

६. कशाच्या शेजारी काय ठेवलंय ते बघा

१४ एप्रिल १९४४ ला अप्पा मुंबईत होते. पुढची बोट मिळायची वाट बघत माझगावला गाववाल्यांच्या खोलीत राहत होते. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची मालवाहू बोट तेव्हा व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभी होती. बर्कनहेडहून निघालेल्या या बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि १२४ सोन्याच्या विटा होत्या. कराचीला तिच्यात कापसाच्या हजारो गासड्या, लाकूड, वंगणतेलाची पिंपं, गंधक, माशांचं खत असलं सगळं भरलं. कप्तानाने कापूस आणि तेल घ्यायला हरकत घेतली होती, पण युद्धात बोटी कमी, माल जास्त. स्फोटकांची बोट म्हणून वर लाल बावटा लावायचा असतो, तोही नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधून, म्हणजे मालाच्या कोठारातून, धूर दिसला. आग कापसात होती. तिथून पहिल्या स्फोटापर्यंत दोन तास होते. त्या दोन तासांत बोट बाहेर काढायची, की तिथेच बुडवायची, की पाणी मारत राहायचं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत झालं नाही, आणि निर्णायक हुकूम कोणी दिला नाही. होल्डमध्ये पाणी चढलं तसा जळता कापूस तरंगत वर गेला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा. शेजारची सिंदिया कंपनीची ‘जलपद्मा’ उचलली जाऊन धक्क्यावर आदळली. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा उमटला. मांडवीच्या धान्याच्या वखारी जळाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

अप्पा त्या संध्याकाळी जखमींना हातगाडीवर घालून जेजे रुग्णालयात नेत होते. समुद्रातून वाचून आलेल्या माणसाने मुंबईतच ते बघावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या दुकानात जवसाचं तेल असायचं आणि सुती चिंध्याही असायच्या. या दोन वस्तू एकत्र आल्या तर काडीची गरज लागत नाही. तेल हवेत सुकताना तापतं, चिंध्यांचा ढीग ती उष्णता धरून ठेवतो आणि काही तासांत आपोआप पेटतो. जगभर किती रंगशाळा, किती गोदामं अशी जळाली असतील. अप्पांनी तेल एका गोदामात आणि चिंध्या दुसऱ्या गल्लीतल्या गोदामात ठेवल्या. दोन भाडी पडायची. तेलाने भिजलेली चिंधी कोपऱ्यात फेकायला सक्त मनाई होती. तिच्यासाठी पाणी भरलेला, झाकणाचा पत्र्याचा डबा दाराबाहेर असायचा. आणि भिंतीवर एक पाटी होती: आग लागली तर हुकूम कोण देणार. त्या माणसाचं नाव, तो नसेल तर त्याच्या खालच्याचं नाव. दर महिन्याला अप्पा पाटीखाली उभे राहून मोठ्याने ती नावं वाचायचे.

मला आमच्या सगळ्या नियमांत हा नियम मोलाचा वाटतो. माल चांगला असतो, माणसं चांगली असतात, आणि ऐनवेळी बोलायचं कोणी हे ठरलेलं नसतं म्हणून शहर जळतं.

७. बोट कुठे चालली ते बोलायचं नाही

युद्धात बोट कधी सुटणार, कुठे जाणार, काय भरलंय हे धक्क्यावर बोललं तर माणसं मरायची. शिपचँडलरला हे सगळं ठाऊक असतं, कारण बोटीने किती दिवसांचं धान्य घेतलं यावरून तिचा पल्ला कळतो. अप्पांनी एका गिऱ्हाइकाची यादी दुसऱ्याला कधी दाखवली नाही. धंद्यात यानेच आम्हाला बोटी मिळाल्या.

८. भागीदाराची बायकोही कागदावर असावी

दुकानात अप्पांचे भागीदार होते ते खाडीच्या पलीकडच्या गावचे, अप्पांच्याच एका बोटीवरचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्या काळी खलाशाला बोटीवर घ्यायचं ते सारंगाच्या हातात असायचं आणि बरेच सारंग त्यासाठी पैसे घ्यायचे. पोरं कर्ज काढून नोकरी मिळवायची आणि पहिली सफर ते फेडण्यात जायची. चाचांनी असे पैसे घेतले नाहीत. अप्पांनी भागीदार निवडताना एवढीच गोष्ट बघितली. १९४७ नंतर चाचांचे काही नातेवाईक कराचीला गेले. चाचा गेले नाहीत.

दोघांचा एकमेकांवर इतका विश्वास असूनही पहिल्या दिवशी वकिलाकडे जाऊन त्यांनी भागीदारीचा कागद केला. लोक म्हणायचे, भावासारखे आहात तर कागद कशाला? त्या कागदात एक कलम असं होतं, की दोघांपैकी कोणी गेला तर त्याचा हिस्सा त्याच्या बायकोच्या नावे लागेल आणि तिला दर महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच मिळेल. तिने दुकानात येऊन मागायची गरज नाही. दोघांनीही युद्धात गेलेल्या सोबत्यांच्या बायका शिपिंग ऑफिसच्या पायरीवर बसलेल्या बघितल्या होत्या. कोणाला भेटायचं, कोणता कागद दाखवायचा, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

चाचा अप्पांच्या आधी गेले. चाचींना त्या कलमाप्रमाणे पैसे शेवटपर्यंत पोचले. हिशेब माझ्याकडे होता म्हणून मी हे खात्रीने लिहू शकते. भागीदारी करणाऱ्या प्रत्येकाने हे कलम आजही घालावं. वकील सुचवत नाहीत, आपण आग्रह धरावा.

९. धंद्याचं रूप बदललं तर त्याच्याशी भांडत बसू नये

१९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. कंटेनरची बोट काही तासांत माल उतरवून निघून जाते. पूर्वी आठ-आठ दिवस गोदीत उभ्या राहणाऱ्या बोटी, त्यांचे खलाशी, त्यांच्याबरोबर चालणाऱ्या खानावळी, सगळं आटलं. आमच्या गल्लीतली बरीच दुकानं त्या दशकात मिटली. अप्पा तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. त्यांनी एक भाडं सोडलं, माल कमी केला, आणि बोट बंदरात यायच्या आधीच यादी मागवायची पद्धत लावली. मला ते पुरेसं वाटत नव्हतं. न्हावा शेव्याजवळ जागा घ्यावी असं माझं म्हणणं होतं आणि पुढे आम्ही तसं केलं.

१०. नावं लिहून ठेवा

अप्पांच्या कोठीच्या वहीत मालाच्या नोंदी होत्या, आणि शेवटच्या पानांवर माणसांची नावं. बरोबर काम केलेल्यांची. नाव, गाव, बोट, आणि पुढे ‘सुटला’ किंवा ‘गेला’. ती पानं त्यांनी बोट बुडाल्यावर आठवून पुन्हा लिहिली होती.

२३ नोव्हेंबर १९४२ ला ‘तिलावा’ नावाची बोट हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने बुडवली. मुंबईहून मोंबासा-डर्बनकडे निघालेली प्रवासी बोट. ९५८ माणसांपैकी २८० गेली. तिच्यात २,३६४ चांदीच्या विटा होत्या. त्या २०१७ मध्ये समुद्रतळातून वर काढल्या आणि त्यांचा मालक कोण यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालला. २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदीची वीट न् वीट मोजलेली आहे. बुडालेल्या माणसांच्या घरच्यांना मात्र त्यांची माहिती स्वतः जमवावी लागली.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांहून जास्त नावांची वहीही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरही ही नावं शोधता येतात. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं, म्हणून एक नाव चार तऱ्हांनी लिहून बघावं लागतं. अप्पांच्या पानांवरची काही नावं मला तिथे सापडली. काही सापडली नाहीत, तर ती मी गावच्या वाचनालयाला लिहून दिली.

तुमचं घर दाभोळ, हर्णै, जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ला, नाहीतर गोव्यात कुठे असेल, तर माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. आजोबांची नल्ली, म्हणजे खलाशाचं नोकरीचं बुक, तीत असेल. प्रत्येक पानावर बोटीचं नाव, भरतीची आणि सुटकेची तारीख, कप्तानाचा शेरा असतो. कागद ठिसूळ झालेला असतो, तेव्हा आधी फोटो काढा, मग पानं उलटा. नाव, गाव, बोट आणि साल देवनागरीत स्वच्छ लिहून तालुक्याच्या वाचनालयात द्या. घरात नल्ली नसेल तर वाडीतल्या वयस्कर बायकांना विचारा. कोण बोटीवर गेला आणि कोण आला नाही, हे त्यांना अजून ठाऊक आहे. पण त्या नव्वदीच्या पुढे आहेत, म्हणून हे याच सुट्टीत करा.